लख्ख पागा

गुरुनाथ मुळीक यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माती चाखत होते. पागेत घोडा बांधायच्या एका ठाणासमोर उकिडवे बसून त्यांनी चिमूटभर माती जिभेवर ठेवली होती आणि डोळे मिटून घेतले होते. आत एक तांबूस घोडी मान खाली घालून तीच माती खात होती, ती मात्र चिमटीनं नव्हे. थोड्या वेळानं मुळीक बाजूला वळून थुंकले, रुमालानं ओठ पुसले आणि स्वतःशीच म्हणाले, "खारट बी न्हाई."

चंडीगडजवळच्या मुल्लानपूरच्या त्या धुळीत मराठी कानावर पडेल असं मला वाटलं नव्हतं. मी बाकावरूनच विचारलं, साताऱ्याकडचे का. ते एकदम ताठ उभे राहिले. खटाव तालुका, म्हणाले. मी मिरजेची, शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त, असं सांगितलं आणि त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'बाई' झाले. मी त्यांना गुरुनाथराव म्हणू लागले. त्यांचं वय एकोणसाठ होतं. मी त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी.

माझा मुलगा अंशुमन हवाई दलात आहे. त्याची बदली चंडीगडला झाली आणि मी सोबत आले. नात आर्या शनिवार-रविवारी घोडेस्वारी शिकायला मुल्लानपूरला जायची. तिला नेणं-आणणं माझ्याकडे होतं. ती मराठी सगळं समजते, उत्तर मात्र हिंदीत देते. ती रिंगणात गोल गोल फिरत असताना मला दीड तास बसून राहण्यापलीकडे काही काम नसे. गुडघे दुखतात, त्यामुळे फिरणंही फार होत नाही. समोर गव्हाच्या शेतांच्या जागी उंच इमारतींचे सांगाडे उभे होते आणि दिवसभर सिमेंटचे ट्रक जात होते. अशा ठिकाणी बसून माणूस दुसरं काय करणार? मी गुरुनाथरावांना पाहत बसायचे.

ते सैन्याच्या घोड्यांच्या दलात सव्वीस वर्षं होते आणि दफेदार म्हणून निवृत्त झाले होते. गावी परत न जाता इथेच राहिले, कारण घोडे इथे होते. घोडेस्वारीच्या शाळेचे मालक विजयकुमार यांनी त्यांना अकरा घोड्यांची पागा सोपवली होती आणि पागेमागच्या दोन खोल्या राहायला दिल्या होत्या. माणसांच्या चेहऱ्याकडे ते फारसं बघत नसत. पायांकडे बघत. माझा उजवा गुडघा डाव्यापेक्षा जास्त गेलेला आहे हे त्यांनी मला तिसऱ्याच भेटीत सांगितलं. डॉक्टरांना त्यासाठी दोन एक्सरे लागले होते.

त्यांची पागा बघण्यासारखी होती. दारावर एक काळा फळा होता. त्यावर चंदीच्या म्हणजे दाण्याच्या, पाण्याच्या आणि खराऱ्याच्या वेळा पांढऱ्या रंगानं रंगवलेल्या होत्या. पाच मिनिटं इकडची तिकडे होत नसत. घोड्यांनी गवत संपवलं की अर्ध्या तासात गुरुनाथराव स्वतः झाडू घेऊन प्रत्येक ठाणात शिरत, दाव्याखालची, कोपऱ्यातली काडीन् काडी बाहेर काढत आणि वर पाणी शिंपडत. खाली एक तूस दिसायचं नाही. मुलांना घेऊन येणारी अधिकाऱ्यांची कुटुंबं हे बघून खूश होत. विजयकुमार नव्या माणसाला आधी पागा दाखवत आणि मग फॉर्म देत. "मिलिटरी है जी," एवढंच म्हणत. मलाही ती पागा फार आवडे. छत्तीस वर्षं वर्गांच्या फरश्या बघितल्यावर आणखी काय आवडणार?

ती तांबूस घोडी म्हणजे पद्मिनी. तिची गोष्ट गुरुनाथरावांनी मला एका दमात कधी सांगितली नाही. तुकड्या-तुकड्यांनी, खरारा करता करता सांगितली.

दीड वर्षापूर्वी पंजाबातल्या मुक्तसरच्या माघी मेळ्यातून, तिथल्या घोडेबाजारातून ती घेतली. निवड गुरुनाथरावांची. त्यांनी दात बघितले, खूर बघितले आणि मग सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिच्यापासून दहा हातांवर नुसते बसून राहिले. ती लाकूड चावते का, वारा गिळते का, एका जागी डुलते का, ते बघत. घोड्यांच्या व्यवहारात अशा खोडींना ऐब म्हणतात. संध्याकाळी ते विजयकुमारांना म्हणाले, घोडीत ऐब नाही. जाणत्या माणसानं हे एक वाक्य उच्चारलं की पुढे कागद लागत नाही. त्या वाक्यावर विजयकुमारांनी घोडी घेतली.

पाचव्या महिन्यात पद्मिनीनं ठाणाची फळी कुरतडायला सुरुवात केली. गुरुनाथरावांनी फळीला जळकं ऑइल लावलं, त्यात मिरची कालवली. ती दुसरी फळी खाऊ लागली. सगळ्या फळ्या काढून लोखंडी पाइप बसवले, तेव्हा ती माती खाऊ लागली. माती काढून विटा बसवल्या आणि एक दिवस ती स्वतःचीच लीद खाताना दिसली. मे महिन्यात तिला पोटशूळ उठला. भर उन्हात चार तास गुरुनाथराव तिला चालवत राहिले, तिला खाली लोळू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी घोडी बरी होती, पण यांना ताप आला.

एकाचं बघून दुसरं घोडं शिकतं अशी पागेतल्या माणसांची समजूत असते. आधीच एक पांढरं घोडं इतरांच्या शेपट्या चावायचं. म्हणून पद्मिनीला टोकाच्या ठाणात हलवलं. तिथून तिला दुसरं घोडं दिसत नसे. तोंडाला मुसकं बांधलं. ते भिंतीवर घासून घासून तिनं नाकाचं कातडं सोलून घेतलं. मुसकं काढावं लागलं. त्या ठाणात विटा नव्हत्या आणि दाराचा एक लाकडी खांब उरला होता. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते याच ठाणात.

ऑगस्टच्या एका रविवारी विजयकुमार खुर्ची ओढून आमच्याजवळ बसले. माणूस वाईट नव्हता. आधी बियाण्यांचं दुकान चालवत असत, मुलीच्या हौसेपायी घोड्यांत आले. ते म्हणाले की सप्टेंबर संपेपर्यंत बघू, नाहीतर जवळच्या खरड गावचा एक घोडीवाला तिला न्यायला तयार आहे. लग्नाच्या वरातीला. त्याला घोडी काय खाते याच्याशी काही देणंघेणं नाही. मग ते उठता उठता थांबले.

"दफेदार साहब, एक बात बताओ. ये वहीं से बिगड़ी आयी थी, या यहाँ आके बिगड़ी?"

गुरुनाथरावांनी शेजारची बादली पुढे ओढली. विजयकुमार गेल्यावर ते बराच वेळ बादलीचा कान पुसत राहिले.

"पद्मिनी फटाक्याला बिचकती, बाई," ते म्हणाले. "वरातीत ती माणूस मारंल न्हाईतर सोता मरंल." आणि मग, माझ्याकडे न बघता, "मेळ्यातनंच तशी आली म्हणावं, तर माझा डोळा चुकला. हितं येऊन झाली म्हणावं, तर माझा हात चुकला. दोन्हीकडनं मीच हाय."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. फार लांबून चालत आलेल्या माणसाला अजून किती अंतर उरलंय हे कळावं, तसे ते बसले होते.

शहरातून दर पंधरा दिवसांनी जनावरांच्या डॉक्टर मीनाक्षी यायच्या. हिमाचलच्या, पस्तिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी रक्त तपासलं, लीद तपासली. जंत नव्हते. रक्तात काही कमी निघालं नाही, पण उन्हाळ्यात घोड्यांचा घाम फार जातो म्हणून त्यांनी मिठाचा खडा टांगायला सांगितला. पद्मिनीनं दोन दिवस तो चाटला आणि मग पुन्हा खांबाकडे वळली. गुरुनाथराव रोज उठून माती चाखायचे. मातीत असं काय आहे ते त्यांना कळत नव्हतं.

शेवटी डॉक्टरबाईंनी एक काम सांगितलं. एक पूर्ण दिवस घोडीसमोर बसा, दर पंधरा मिनिटांनी ती काय करते ते लिहा. दाणापाणी नेहमीच्या वेळी द्या, पण ठाणात दुसरं काही करू नका. गुरुनाथराव म्हणाले, मला लिहिणं जमायचं नाही, चष्मा लावला तरी ओळ सुटते. मी म्हटलं, मी लिहिते. दुसरं मला येतंय काय?

सप्टेंबरातला तो गुरुवार होता. सकाळी सहाला अंशुमननं मला सोडलं. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मी वहीत सवयीनं रकाने आखले होते. सहाला चंदी. सव्वासहाला गवत, ते ती सातपर्यंत खात होती. साडेसातला गुरुनाथराव उठले आणि कोपऱ्यातला झाडू उचलला.

मी आठवण केली, काही करायचं नाही म्हणून सांगितलंय.

"खाली किती कचरा पडलाय, बाई."

पडू द्या म्हटलं. ते बसले, पण त्यांचं लक्ष लागेना. त्या चार काड्यांकडे ते असे बघत होते जणू कुणी त्यांच्या अंगावर शाई सांडली आहे. सुरेखाताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या आणि न झाडलेलं ठाण बघून म्हणाल्या, "आज सूर्य कुणीकडनं उगवला म्हनायचा?" त्यावर कुणी हसलं नाही, त्या स्वतःही नाहीत.

पद्मिनी खाली पडलेल्या काड्या वेचत होती. ओठांनी चाचपडून, एकेक. पावणेआठला मी लिहिलं, वेचते आहे. आठला लिहिलं, वेचते आहे. पावणेदहापर्यंत मी तेच शब्द लिहीत होते आणि मला वाटत होतं की या नोंदींचा काही उपयोग नाही. दहाला काड्या संपल्या. तिनं जमीन हुंगली, थोडा वेळ दाराकडे बघत उभी राहिली आणि साडेदहाला माती चाटायला लागली.

बाराला पुन्हा गवत. एकच्या सुमाराला एक कुटुंब शाळा बघायला आलं. विजयकुमार त्यांना घेऊन पागेकडे निघालेले दिसले आणि गुरुनाथराव उठलेच. या वेळी मीही त्यांना अडवलं नाही. पाहुण्यांसमोर घर आवरण्याची ऊर्मी मला समजते. ते ठाणात शिरले आणि भराभर झाडू लागले. पद्मिनी बाजूला सरली नाही. तिनं मान लांब केली आणि झाडू जाईल तिकडे ओठ नेऊ लागली. झाडू डावीकडे, की तिचं तोंड डावीकडे. सुपलीत काड्या भरल्या तेव्हा तिनं सुपलीत तोंड घातलं आणि गुरुनाथरावांनी, रोज करत असतील तसं, कोपरानं ते हलकेच बाजूला केलं.

मग ते तसेच थांबले. झाडू हातात होता.

पाहुणे आले, वा वा म्हणून गेले. गुरुनाथराव बाहेर येऊन माझ्या शेजारी बसले. पद्मिनी खांबापाशी गेली आणि तिनं वरचे दात लाकडावर रोवले.

"किती वाजले, बाई?"

एक वाजून बावीस मिनिटं झाली होती.

"आनि मी झाडून कवा आलो?"

एक वाजून तेरा. मी वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला आणि सकाळच्या रकान्यावरून बोट खाली खाली नेलं. वेचते आहे, वेचते आहे, वेचते आहे. ओळ सुटायचा प्रश्न नव्हता. सगळ्या ओळी सारख्याच होत्या.

त्यानंतर ते बरंच बोलले. इतकं बोलताना मी त्यांना पुन्हा ऐकलं नाही. घोडं चरणारं जनावर आहे, ते म्हणाले. त्याचं तोंड दिवसातले पंधरा-सोळा तास चालू लागतं, पोट भरलं तरी. हे त्यांना ठाऊक होतं. रिक्रूट असताना पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. पण तिथे घोडे सकाळी कवायतीला जायचे, दुपारी मैदानावर चरायला सुटायचे, ठाणात फक्त विसाव्याला यायचे. तिथे झाडणं बरोबर होतं. इथेही पहिल्या वर्षी मागे दोन एकर कुरण होतं. पद्मिनी आली त्याच उन्हाळ्यात त्यातून रस्ता गेला, उरलेल्यावर इमारत आली. घोडे वीस-वीस तास उभे राहू लागले. फळा मात्र तोच राहिला आणि झाडूही. चंदी पाव तासात संपते, गवत पाऊण तासात, आणि ज्या चार काड्या उरायच्या त्या गुरुनाथराव स्वतः वेचून नेत होते.

"शेपटी चावणारं ते पांढरं घोडं," ते म्हणाले, "मला वाटायचं त्याचा सोभावच हाय." आणि थोड्या वेळानं, अगदी हळू: "बाई, ही खोड हितली हाय. मी लावलेली."

मिरजेच्या शाळेत माझ्या वर्गात पाटीची पेन्सिल खाणारी एक मुलगी होती. मी तिच्या पेन्सिली काढून घेत असे आणि तिला बाकावर उभी करत असे. ती सकाळी काय खाऊन येते, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. पस्तीस वर्षं झाली. मला तिचा चेहरा नीट आठवतो, आडनाव आठवत नाही.

सुरेखाताईंचं म्हणणं वेगळं होतं आणि त्या चुकीचं बोलत होत्या असं मी म्हणणार नाही. शनिवारी त्यांनी मला खोलीत बोलावून घेतलं आणि मी यांना समजावावं असं सांगितलं. "मिठानं बरी झाली म्हना. गुमान गवत टाकत ऱ्हावा. कोन इचारतंय? खरं बोलून घोडी वाचंल, पर ही खोली ऱ्हाईल का?" गेल्या तीस वर्षांत चौदा क्वार्टर बदलल्याचं त्या म्हणाल्या. आता पेटी उचलायचं त्राण नव्हतं त्यांच्यात.

गुरुनाथराव खाटेवर बसून बुटाला पॉलिश करत होते. ते म्हणाले की विजयकुमारांनी सरळ प्रश्न विचारला आहे, त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय. सुरेखाताईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि कांदा चिरायला घेतला. मी त्यांना समजावलं नाही. दोघांपैकी कुणालाच नाही.

रविवारी डॉक्टर मीनाक्षी यायच्या होत्या. विजयकुमार, त्या आणि मी पागेच्या दारात उभे होतो. गुरुनाथराव आले ते ताठ चालत, इस्त्रीच्या शर्टात, आणि विजयकुमारांच्या समोर दोन पावलांवर थांबले.

"साहब, घोड़ी वहाँ से ठीक आयी थी. यहाँ बिगड़ी. मेरे झाड़ू से बिगड़ी."

मग त्यांनी वही पुढे केली. माझं मराठी अक्षर विजयकुमारांना वाचता येईना, तेव्हा मी वेळा हिंदीत वाचून दाखवल्या. डॉक्टरबाईंनी मान हलवली. त्यांना हीच शंका होती, म्हणाल्या. पण पागा इतकी छान दिसत होती की नेमकं कुठे बोट ठेवावं ते त्यांनाही कळलं नव्हतं.

विजयकुमार चिडले नाहीत. चिडले असते तर गुरुनाथरावांना सोपं गेलं असतं. ते हसले आणि म्हणाले, "सारे चंडीगढ़ को मैं आपका झाड़ू दिखाता फिरा, दफेदार साहब." हसू संपल्यावर ते पागेकडे बघत राहिले.

घोडी खरडला गेली नाही. तिला पुन्हा बाकीच्या घोड्यांत आणलं. सगळ्या ठाणांत वाळलेल्या गवताच्या जाळ्या टांगल्या, बारीक भोकांच्या, म्हणजे एकेक काडी ओढत बसावं लागतं. खाली आता कायम कचरा असतो. दुपारी दोघा-तिघांना बाहेर चरायला न्यायचं ठरलं. हे सगळं डॉक्टरबाईंनी लिहून दिलं. त्याच कागदाच्या शेवटी त्यांनी असंही लिहिलं होतं की पागेला प्रशिक्षित व्यवस्थापक हवा. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. दिवाळीनंतर अभिषेक नावाचा एक तरुण आला, घोड्यांच्या व्यवस्थापनाचा कोर्स केलेला, अदबीनं बोलणारा. फळा त्यानं उतरवून ठेवला. मागच्या दोन खोल्या व्यवस्थापकासाठीच होत्या.

पेटी उचलायला मी गेले होते. उचलली टेम्पोवाल्यानं, मी फक्त उभी होते. सुरेखाताईंनी मला पिठलं-भाकरी खाऊ घातल्याशिवाय सोडलं नाही आणि जेवताना त्या विषयावर एक शब्द काढला नाही. गुरुनाथराव मध्येच उठून बाहेर जायचे आणि पुन्हा येऊन बसायचे. मी विचारलं, पश्चात्ताप होतो का. म्हणाले, दमलोय बाई, बाकी काय न्हाई.

पद्मिनीनं लीद खाणं आठवड्याभरात सोडलं. माती सोडायला दोन महिने लागले. लाकूड ती अजून धरते, ढगाळ दिवशी जास्त. जुनी सवय पूर्ण जाईलच असं नाही, असं डॉक्टर मीनाक्षींचं म्हणणं आहे. खांबावर नवे दात उमटले की अभिषेक मोबाइलवर फोटो काढून त्यांना पाठवतो. आर्या आता तिच्यावर बसते. चांगली चालते, म्हणते.

गुरुनाथराव सध्या मुल्लानपूर गावात, एका शेतकऱ्याच्या घरामागच्या भाड्याच्या खोलीत राहतात. रोज अकरा वाजल्यापासून तीनपर्यंत ते पागेतले तीन घोडे नाल्याच्या काठी चरायला नेतात आणि आता त्यांचाही गुडघा धरल्यामुळे उभं न राहता दोर हातात घेऊन बसून राहतात.